कुठवर आली वेणी?

आक्का, चौकात तुमचा फलक लागलाय. त्यावर तुमचं नाव आहे, मागं कोण कोण राहिलं ते आहे, आणि खाली शोकाकुल म्हणून अर्ध्या बोरी गावाची नावं आहेत. त्यातल्या निम्म्यांनी तुमाला धड बघितलंसुद्धा नसंल. फोटो आधार कार्डावरचा मोठा केलाय. डोक्यावर पदर, तोंड रागावल्यासारखं. केस एकसुद्धा दिसत नाही.

मी तुमच्या सुनेला म्हणलं, "अगं मंगल, दुसरा फोटो नव्हता का?"

ती म्हणली, "काकू, पदर न घेतलेला आईचा एकबी फोटो न्हाई घरात."

खरंच नाही. तुमचे केस गावानं कधी पाहिलेच नाहीत. तुमच्या मालकानं पाहिले, लेकरांनी पाहिले आणि तुमच्या ह्या धाकट्या जावेनं पाहिले. म्हणून म्हणलं, फलकावर जे नाही ते आपणच लिहावं. चौथी शिकलेली बाई काय लिहिणार, असं तुमी म्हणला असता. तुमी तर तिसरीच होत्या. तवा गप बसा आणि ऐका. मला तुमाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सरळ सांगायची हिंमत अजून होत नाही, म्हणून जरा मागून येते.

मी लग्न होऊन आले तवा आपल्या घरात खोबरेल तेल सासूबाईच्या कुलपात असायचं. सुनांना करडीचं तेल, तेच भाजीला आणि तेच डोक्याला. पहिल्या शुक्रवारी तुमी मला अंगणात बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि कानाशी येऊन म्हणलात, "सुमे, आपल्या डोक्याला फोडणीचा वास येयलाय. कोणी भाकर घेऊन मागं लागलं तर पळ." नव्या घरात मी पहिल्यांदा हसले ती तवा.

मग आपला शुक्रवार ठरूनच गेला. सकाळी शिककाई उकळायची, चार रिठे ठेचून टाकायचे, डोक्यावरून न्हायचं. दुपारी मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीत मी पुढं, तुमी मागं. मग तुमी पुढं, मी मागं. वाटणी होऊन मधी भिंत आली तरी शुक्रवार वाटला गेला नाही. मालक गेल्यावर तुमी गजरा सोडला, कुंकू सोडलं. बायकांनी सांगून पाहिलं की आता ह्या वयात एवढे केस कशाला सांभाळता. तुमी म्हणलात, "ते काय मला भाकर मागायलेत का?"

तुमचे कायदे मला अजून पाठ आहेत. ओल्या केसाला फणी लावायची नाही. पंच्यानं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या धोतरात गुंडाळून नुसतं दाबायचं. विंचरायला टोकाकडून सुरू करायचं आणि मुळाकडं चढत जायचं, वरून केस मुठीत धरायचे म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. ओला बुचडा तर बिलकुल बांधायचा नाही. फणीत आलेली गुंतवळ वाऱ्यावर सोडायची नाही, बोटावर गुंडाळून भिंतीतल्या दिवळीत ठेवायची. आणि शेवटचा कायदा, कातर लावायची नाही.

ह्या शेवटच्या कायद्यावरून आपण किती भांडलो! माझ्या भाचीच्या लग्नात मी टोकं फाटली म्हणून चार बोटं केस कापून घेतले, तर तुमी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मीच भिंतीवरून विचारलं, "आक्का, माझे केस, तुमाला कामून राग?" तवा तुमी सांगितलं. आई गेली तवा तुमी नऊ वर्षांच्या होत्या. ती गेली त्या सकाळी तिनं तुमची वेणी घातली होती. "टोकाला माझ्या आईचा हात लागलेला हाय," तुमी म्हणलात. "मी टोक कसं कापू?"

मी पण अशी बाई की तिथं गप बसायचं तर नाही. म्हणलं, "अहो, टोकं झिजतात, तुटतात, गळतात. इतक्या वर्षांचं टोक कुठं राहतंय? आईचा हात कधीच गेला त्यातून."

"तुला काय कळतं," तुमी म्हणलात. तो वाद तिथंच राहिला. दर दोन-तीन वर्षांनी आपण तो काढायचो आणि तिथंच आणून ठेवायचो.

आता माझ्या डोक्याचं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस मी अंथरुणाला, शुद्ध कधी असायची, कधी नसायची. उठले तर मागचे केस एकमेकांत बसून त्याचा नुसता गोळा झालेला. सासूबाईनं बघितलं आणि हात जोडले. "जट हाय. देवी आली पोरीकडं. कोणी हात लावू नका." गोळ्याला हळदकुंकू लागलं. गल्लीतल्या बायका पाया पडायला येऊ लागल्या. चोवीस वर्षांची मी, अंगावर दूध पिणारं लेकरू, आणि म्हाताऱ्या बाया माझ्या पाया पडायच्या. मी भिंतीकडं तोंड करून रडायची. जट एकदा मानली की बाईचं घरदार, नवरा, लेकरू सगळं त्या देवीच्या मर्जीवर जातं, हे मला माहीत होतं. माझ्या माहेरी तशी एक बाई होती. ती नंतर कुठं गेली ते कोणी सांगत नव्हतं.

तुमी तोवर सासूबाईपुढं वर मान करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "आत्याबाई, देवी न्हाई, गुंता हाय. मला नऊ दिवस द्या. न्हाई सुटला तर देवीची ओटी मीच भरते."

नऊ दुपारी तुमी बसल्या. वाटीत करडीचं तेल आणि हातात दाभण, गोणपाट शिवायचं. एक केस, दोन केस, एक केस. मी ओरडायची, तुमी म्हणायच्या, "ओरड, मी कुठं जायले?" सासूबाई दर संध्याकाळी येऊन बघायच्या आणि देवीचं नाव घेऊन जायच्या. नवव्या दिवशी गोळा सुटला. कातर लागली नाही. निम्मे केस दाभणाबरोबर आले, उरले ते उंदराच्या शेपटीएवढे. सासूबाई एवढंच म्हणल्या, "देवीच्या मनात नसंल." आणि तेलाची वाटी उचलून नेली, तेल वाया गेलं म्हणून.

त्या साली पोखर्णीच्या जत्रेला तुमी गेल्या आणि येताना माझ्यासाठी गंगावन घेऊन आल्या. वेणीत मिसळून वेणी लांब करतात ते केसांचं गंगावन. जत्रेत एक बाई बसून बांधून द्यायची. पण त्याचे केस तिचे नव्हते. तुमी दिवळीत साठवलेली स्वतःची गुंतवळ नेली होती. केसावर भांडं देणारी बाई यायची, तिच्याकडून त्या गुंतवळीवर तुमाला जर्मनचं पातेलं घ्यायचं होतं, हे मला माहीत होतं. मी म्हणलं, "आक्का, पातेलं?" तुमी म्हणलात, "पातेल्यात काय माझं डोकं शिजवायचंय?" माझे केस वाढेस्तोवर दोन वर्षं मी तुमचे केस लावून फिरले. मग धुऊन, वाळवून, लिंबाच्या पाल्यात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवले. बेचाळीस वर्षं झाली त्याला.

एवढं मागचं झालं. आता पुढचं, आणि ते तुमाला ठाऊक आहे. पण मी सांगितलेलं नाही.

तुमी अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीत नेऊन आपरेशन केलं, घरी आणलं. पण तुमी काही उठल्या नाहीत. बुचडा पाठीमागं टोचतो म्हणून मी रोज दुपारी येऊन वेणी घालायला लागले. आठवड्याचा शुक्रवार रोजचा झाला. वेणी झाली की मी ती खांद्यावरून पुढं आणून तुमच्या हातात द्यायची. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून तुमी चाचपायच्या आणि विचारायच्या, "कुठवर आली?"

"कमरेच्या खाली चार बोटं."

"मग बरं."

तुमचं पोरगं म्हणलं, दवाखान्यातली सिस्टर म्हणली, सगळ्यांनी सांगितलं की पडून राहणाऱ्या माणसाचे केस बारीक करून टाका, उवा होतील, गुंता होईल. तुमी माझा हात धरून म्हणलात, "सुमे, मला आता दुसरं काय राहिलंय? एवढं सांभाळ. कातर लावू देऊ नको." मी म्हणलं, "मी हाय न्हवं." आठवतं ना? मी हाय न्हवं. मोठ्या तोंडानं.

आणि मलाच चिकनगुन्या झाला. पंधरा दिवस मी माझ्या घरातून उठले नाही. भिंतीपलीकडं तुमचा आवाज यायचा आणि मला कुशीवर वळता येत नव्हतं. मंगलला मी काही बोलणार नाही. सोयाबीन काढणीला आलं होतं, अंगणवाडीचं काम, तुमचं हगणंमुतणं, सगळं ती एकटी करत होती. तिनं तुमच्या डोक्याला चांगल्या मनानं शाम्पू लावला आणि गादी ओली होऊ नये म्हणून ओलाच बुचडा घट्ट बांधला. मग तो सोडायला तिला फुरसत झाली नाही. त्यावर तुमी दहा-बारा दिवस पडून. मी आले तवा अख्ख्या बुचड्याचा एक गोळा झाला होता, नारळाएवढा, कडक. आणि गोळ्याला हळदकुंकू.

"ही गयाबाई," तुमी सांगितलं. शेजारची गयाबाई. "मनली जट हाय. माझ्या डोक्यावर कुंकू टाकून गेली, इधवा बाईच्या. उद्या नारळ घेऊन येते मनली. सुमे, माझ्या डोक्यावर फोडते का काय मनावं?"

आपण दोघी हसलो. तुमाला हसताना खुबा दुखला. मग तुमी म्हणलात, "तुझा सुटला व्हता. ह्योबी सुटंल. वेळ लागू दे, पण कातर लावू नको."

मी बसले, आक्का. खोबरेल आणलं, दाभण आणलं, तेच जुनं. पण माझी बोटं सुजलेली होती, चिकनगुन्यानं पेर न् पेर धरलेलं. दाभण बोटांत राहीना. तीन दुपारी बसले आणि चार बोटं सुटलं. तिसऱ्या दिवशी गोळ्याखाली हात घातला तर ओलं लागलं. वास आला. सिस्टरला बोलावलं. ती म्हणली, "खाली जखम चिघळलीय. आज कापा, न्हाईतर मी कापते. अळ्या पडल्यावर मला बोलावू नका." तिकडं गयाबाई दोन बाया घेऊन दारात. ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या.

मी त्यांना बाहेरच बसवलं. तुमी दुखण्याची गोळी खाऊन झोपल्या होत्या. मी घरी गेले, शिलाई मशीनची कातर घेतली आणि पेटी उघडून गंगावन घेतलं. दोन्ही एकदाच घेतलं. म्हणजे काय करायचं ते मी घरूनच ठरवून आले होते, हे पण लिहिते. ऐन वेळी हात चुकला, असं नाही.

कापायला वेळ लागला नाही. नऊ दुपारी तुमी बसल्या होत्या माझ्यासाठी, मला अर्धा तासही लागला नाही. जखम धुतली, मलम लावलं. मानेपर्यंतचे केस उरले. त्यांत गंगावन मिसळून सैल वेणी घातली. गोळा पिशवीत घालून पदराखाली धरला आणि बाहेर येऊन गयाबाईला सांगितलं, "गुंता व्हता. सुटला. नारळ घरी न्या, चटणी करा."

तुमी उठल्या. हात पहिला मागं गेला. "सुटला?"

"सुटला."

"कुठवर आली?"

"कमरेच्या खाली चार बोटं. पहिल्यासारखी."

तुमी वेणी पुढं घेतली, हातात धरून ठेवली. मग म्हणलात, "हात लय दुखले असतील तुझे."

आक्का, तुमी मला त्या घडीला चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यानंतर दोन महिने हेच. मी मंगलला तुमच्या डोक्याला हात लावू देत नव्हते, सगळं मीच करते म्हणायची. तिला वाटलं असंल काकू किती करते. रोज वेणी, रोज प्रश्न, रोज तेच उत्तर. सांगावं असं मनात यायचं. कधी तुमाला ठसका लागायचा, कधी कोणी भेटायला यायचं, आणि खरं म्हणजे मी भ्यायची. शेवटचं तुमच्याकडं तेवढंच होतं आणि ते मी ठेवलं नव्हतं.

तुमी सकाळी चहाच्या आधी गेल्या. कोणाला त्रास नाही. आंघोळीला बायका जमल्या. डोकं मी धुते म्हणलं. पाणी पडलं आणि सैल वेणीतून गंगावन सुटून माझ्या हातात आलं, लांबच्या लांब. गयाबाई तांब्या घेऊन समोरच उभी. "आगं बया! हे काय गं?"

मंगल मधी आली. "गयाबाई, पाणी कमी पडायलंय, एक घागर आणा बरं." ती गेली तशी मंगल माझ्या कानाशी आली. "काकू, लावा परत. आईला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत?"

"सगळंच. त्याच दिवशी रात्री जेवताना मला मनल्या, सुमननं कातर लावली. मी मनलं, तुमाला कसं कळलं? तर मनल्या, वेणीला करडीचा वास येयलाय. माझेच जुने केस हायेत, तिला दिले व्हते. तिला काय बोलू नको, हात सुजलेत तिचे."

मी गंगावन परत लावलं. ह्या वेळी घट्ट वेणी घातली. ती तुमच्याबरोबर गेली.

तिसऱ्या दिवशी मला तुमचा लय राग आला. म्हणलं, माहीत होतं तर रोज कामून विचारलं? दोन महिने माझ्याकडून खोटं वदवून घेतलं ते? गंमत वाटत होती का? भिंतीकडं तोंड करून मी मोठ्यानं भांडले, नातू बघायला आला आजी कोणाशी बोलायलीय म्हणून. आज राग नाही. आज वाटतं, तुमी विचारत होत्या म्हणून मी रोज येत होते, आणि मला सांगायला दर दिवशी एक वेळ मिळत होती. ती मी घेतली नाही. तुमी देत राहिल्या.

तर आता सांगते. मानेपर्यंत होती, आक्का. कापली मी. आणि आपला तो जुना वाद मी सोडून देते, तुमचंच खरं धरते. टोकाला आईचा हात होता, तर मी जे कापलं त्याच्यापेक्षा जे लावलं तेच तिच्या जवळचं होतं, बेचाळीस वर्षं जवळचं. तेवढं मनाला लावून घेतलं म्हणजे मला झोप येते. तुमी ह्याला पण "तुला काय कळतं" म्हणणार, म्हणा.

तो गोळा मी टाकला नाही. पिशवीतून घरी आणला, त्याच संध्याकाळी तेलात भिजवला. तुमी होत्या तवर तुमची वेणी घालून घरी आले की मी त्याला घेऊन बसायची, आताबी बसते. निम्मा सुटलाय. सुटलेले केस चांगले हातभर लांब आहेत, पांढरे, मधीमधी काळे. मंगल काल दिवळीतली तुमची गुंतवळ घेऊन आली, म्हणली हे पण त्यातच ठेवा, आणि मग माझ्याजवळ बसून बघत राहिली. मी तिच्या हातात दाभण दिलं. टोकाकडून सुरू कर म्हणलं, मुळाकडं चढत जा.

बोटांची सूज उतरली आहे. वेळ लागणार आहे, लागू दे. कातर मी मशीनच्या खणात ठेवून दिली आहे.